मानपत्रात धुळीचाही उल्लेख करा

प्रश्न : माझे वडील 1977 साली खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, भरती झाले आणि 24 वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं लडाख आणि अरुणाचलमध्ये रस्ते, बंकर, हेलिपॅड बांधण्यात गेली. आता ते 67 वर्षांचे आहेत. एक जिना चढला की धाप लागते, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो, थंडीत हाताची बोटं पांढरी पडतात. गावातल्या डॉक्टरांनी दमा समजून पंप दिला आहे. डिस्चार्ज बुकात मेडिकल कॅटेगरी ‘ए’ आहे, त्यामुळे बाबा म्हणतात, ‘मी धडधाकट घरी आलो, आता पलटणीपुढे हात पसरणार नाही.’ गावाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलंय. शाल-श्रीफळापलीकडे काही करता येईल का? आणि या दुखण्यांचा त्यांच्या नोकरीशी संबंध असेल, तर इतक्या वर्षांनी काय करावं?
– एक मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, तुमचे प्रश्न दोन असले तरी दोन्हींची सुरुवात एकाच कागदापासून होते. बाबांनी कोणत्या साली, कुठे, कोणत्या हत्याराने, दिवसाचे किती तास काम केलं याची नीट नोंद आजवर कोणीच केलेली नसणार. डिस्चार्ज बुकात युनिट, बढत्या, कोर्स आणि पदकं असतात. खडकाला भोकं पाडताना पाणी सोडलं होतं की कोरडंच कोरलं होतं, हे त्यात नसतं. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं आणि गावालाही तेच कळायला हवं.

म्हणून आधी एक दोनशे पानी वही घ्या. डिस्चार्ज बुक समोर ठेवा आणि युनिट बदलल्याच्या तारखांनुसार वहीचे भाग पाडा. एका बैठकीत एकाच भागाबद्दल विचारा, अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको. कमी ऐकू येणारा माणूस बोलण्यापेक्षा ऐकण्यानेच लवकर दमतो. ‘तिथे कसं होतं?’ असं विचारलंत, तर ‘थंडी होती’ एवढंच उत्तर मिळेल. प्रश्न कामाचे विचारा. जॅकहॅमर स्वतः धरायचात की मागे उभं राहायचात? पाळी किती तासांची होती? कॉम्प्रेसर किती अंतरावर होता? सुरुंग उडाल्यावर किती वेळाने मलबा काढायला पुढे जायचात? नाकातोंडाला काय बांधायचात? कानात कापूस तरी असायचा का? त्या तुकडीत बरोबर कोण होतं? प्रत्येक उत्तरासमोर साल आणि जागा लिहा. साल आठवत नसेल, तर ‘ताईच्या जन्माच्या आधी की नंतर?’ असा घरचा आधार घ्या. बंकर नेमके कुठे, किती जाडीचे, हे मात्र लिहू नका. तो तपशील गोपनीय असू शकतो आणि आपल्याला त्याची गरजही नाही. ‘लडाख, उंची साधारण इतके फूट, खडक फोडण्याचं काम’ एवढं पुरे.

धुळीबद्दल एवढं खोदून का विचारायचं, ते सांगतो. खडक कोरताना जी बारीक पूड उडते, तिच्यात स्फटिकरूप सिलिका असेल तर ती फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जाते. हे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. ते गिळायला गेलेल्या पेशी मरतात, आजूबाजूला सूज येते आणि त्या जागी घट्ट गाठी बनतात. याला सिलिकोसिस म्हणतात. नेहमी आढळणारा त्याचा प्रकार धुळीशी संपर्क सुरू झाल्यापासून दहा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो आणि काम सुटल्यावरही वाढत राहू शकतो. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी कॅटेगरी ‘ए’ असणं आणि आज धाप लागणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यात बाबांचा काही दोष नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांचा निष्काळजीपणाच असेल, असंही नाही.

लडाखच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. तिथला ग्रॅनाइट क्वार्ट्‌झने भरलेला असतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका अगदी थोडी असते, त्यामुळे इकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात ही शक्यता चटकन येत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. भोक पाडताना पाणी सोडलं तर धूळ तिथेच बसते, पण शून्याखाली पाण्याच्या नळ्या गोठतात आणि मग कोरडंच कोरावं लागतं. त्यात उंचीवर श्वास भराभर आणि खोल चालतो, म्हणजे तेवढीच धूळ जास्त आत जाते. नाकाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो. घातक असते ती बारीक, आणि ती कापडातून आरपार जाते.

बाबांना सिलिकोसिसच आहे असं आम्ही पत्रावरून म्हणणार नाही. धाप हृदयामुळे लागू शकते, रक्त कमी असल्याने लागू शकते, विडी-सिगारेटमुळे लागू शकते, खरोखर दमाही असू शकतो. पण तपासल्याशिवाय ‘दमा’ या शब्दावर थांबणं बरोबर नाही. चालू पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. श्वासनळ्या आकुंचन पावत असतील, तर त्याचा उपयोग होतच असतो.

तपासण्या अशा : छातीचा एक्स-रे, मग एचआरसीटी म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून श्वासाची ताकद मोजणारी चाचणी, शक्य असेल तिथे डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याची चाचणी, आणि सहा मिनिटं चालवून आधी-नंतर मोजलेला ऑक्सिजन. नुसतं बसल्या जागी बोटाला क्लिप लावून ‘97 आहे, ठीक आहे’ असं झालं, तर समाधान मानू नका. अनेकांचा ऑक्सिजन चालल्यावरच उतरतो. सिलिकोसिसच्या गाठी बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयरोगाच्या खुणाही तिथेच असतात. त्यामुळे एक्स-रे बघणाऱ्याने नोकरीचा इतिहास वाचलेला नसेल, तर एकाचं दुसरं समजलं जातं. म्हणून वहीवरून एका पानाचा गोषवारा काढा आणि तो तपासणीच्या चिठ्ठीला टाचून द्या. ‘1979 ते 1983, लडाख, जॅकहॅमरने कोरडं ड्रिलिंग, दिवसाला साधारण सहा तास’ अशी एकच ओळ निदानाची दिशा बदलू शकते. जुन्या एक्स-रे फिल्म घरात असतील, तर त्याही न्या. दहा वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी लावली की आजार किती वेगाने सरकतोय ते कळतं.

सिलिकोसिस निघालाच, तर झालेली इजा भरून काढणारं औषध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण करण्यासारखं बरंच असतं. तंबाखू आणि धूर पूर्ण बंद. यात चुलीचा, उदबत्तीचा, कचरा जाळण्याचा धूरही आला. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकलची डॉक्टर सांगतील तशी. फुप्फुसांचे व्यायाम. ऑक्सिजन विसावलेल्या अवस्थेतही 88 टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, लागतो आणि तो दिवसाकाठी किमान 15 तास वापरला तरच त्याचा खरा फायदा होतो. सगळ्यात जास्त सावध राहायचं ते क्षयरोगाबाबत. सिलिका साठलेल्या फुप्फुसात क्षयरोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, उतरतं वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी, तपासणी करून घ्या. निदान झालं तर औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मात्र धुळीचा इतिहास तिथेही सांगा, कारण अशा रुग्णांचा औषधाचा कोर्स डॉक्टर बऱ्याचदा लांबवतात.

आता कान. जॅकहॅमरचा आवाज 100 डेसिबलच्या वर असतो आणि सुरुंगाचा धमाका वेगळाच. सततच्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. शुद्धस्वर ऑडिओमेट्री, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांवर ऐकणं मोजणारी चाचणी, करून घ्या. आवाजाने गेलेल्या ऐकण्यात 4000 हर्ट्‌झच्या आसपास खाच पडते आणि 8000 ला आलेख थोडा वर येतो. वयामुळे गेलेलं ऐकणं 8000 कडे उतरतच जातं. साठीनंतर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खाच बुजते. म्हणूनच नोकरीतली एखादी जुनी ऑडिओमेट्री सापडली, तर ती फार मोलाची. श्रवणयंत्र दोन्ही कानांना लागत असेल, तर दोन्हींना घ्या. एकाच कानावर ऐकताना आवाज कुठून येतोय ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरायला लावा. मग हळूहळू वेळ वाढवा. सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. पहिल्याच दिवशी लग्नघरात घालून गेलेलं यंत्र दुसऱ्या दिवसापासून कपाटात पडतं, आणि घरचे म्हणतात, ‘त्यांना नकोच होतं.’ तसं नसतं. भांड्यांचा, पंख्याचा, गर्दीचा आवाज एकदम अंगावर आल्याने ते नकोसं होतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा.

बोटं पांढरी पडणं हे कंप देणारी हत्यारं वर्षानुवर्षं धरल्याने होऊ शकतं. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या थंडीत एकदम आवळतात. हात उबदार ठेवणं आणि तंबाखू सोडणं हा पहिला उपाय. एक गोष्ट सहसा सुटते : रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल, तर त्याने हा त्रास वाढू शकतो. गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना बोटं दाखवा. मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर मनगटातल्या नसेचीही तपासणी हवी.

हे सगळं कुठे करायचं? बाबा ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, सभासद आहेत का ते आधी पाहा. ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त झालेल्या पेन्शनरांनाही वर्गणी भरून सभासद होता येतं, मात्र ती आपोआप लागू होत नाही. कार्ड असेल तर साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि तिथून रेफरल घ्या. फुप्फुसांसाठी पुण्यात लष्कराचीच आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ-थोरॅसिक सायन्सेस आहे, कानासाठी कमांड हॉस्पिटल. रेफरल मागताना ‘नोकरीतल्या धुळीमुळे फुप्फुसाच्या तज्ज्ञांकडे तपासणी हवी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा दम्याचीच औषधं लिहून मिळतील. श्रवणयंत्र, कॉन्सन्ट्रेटर हे तज्ज्ञांच्या शिफारशीवर ईसीएचएसमधून मिळतं. आधी स्वतः विकत घेऊन नंतर बिल लावायला गेलात, तर अडचण येते.

कागदांसाठी बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या, म्हणजेच बॉम्बे सॅपर्सच्या, रेकॉर्ड ऑफिसला, खडकी, पुणे 411003, बाबांच्या सहीने पत्र पाठवा. पत्र त्यांच्याच नावाने हवं. मुलीच्या नावाने मागितलं तर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. आर्मी नंबर, पद, निवृत्तीची तारीख, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर लिहा आणि तीन गोष्टी मागा : भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, नोकरीतली रुग्णालयाची व ऑडिओमेट्रीची कागदपत्रं, आणि निवृत्तीच्या वेळची तपासणी. मेडिकल बोर्ड झाला असेल, तर त्याची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-16 हा फॉर्म. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली, दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. त्याच पत्रात सगळी पदकं मिळाली का, हेही विचारा. 9,000 फुटांवरच्या सेवेचं उच्च तुंगता पदक मंजूर होऊनही हातात न आलेली माणसं आहेत.

पेन्शनबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. अपंगत्वाचा भाग सरळ मिळतो तो निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने किमान 20 टक्के अपंगत्व नोंदवून ते नोकरीमुळे झालं किंवा वाढलं असं मानलं असेल, तर. नोकरीत सुरू झालेल्या प्रक्रियेचा आजार निवृत्तीनंतर उशिरा प्रकट झाला, तर दावा करण्याची तरतूद नियमांत आहे, पण तिला वर्षांची मर्यादा आहे आणि बाबांना निवृत्त होऊन ती कधीच उलटली आहे. त्यामुळे नव्याने निघालेल्या सिलिकोसिसवर दावा टिकवणं कठीण जाईल. वाट उघडते ती जुन्या कागदांत काही सापडलं तर. समजा, निवृत्तीआधीच्या एखाद्या तपासणीत ऐकण्यातला दोष लिहिलेला आहे आणि त्याचं पुढे काहीच झालेलं नाही. तसं असेल तर तो कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज लिहायला तिथे मदत मिळते. मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा मागणाऱ्या एजंटाला कागद देऊ नका.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांत असा बोर्ड झालेला असेल आणि ‘नोकरीशी संबंध नाही’ म्हणून दावा फेटाळला असेल, तर त्यांच्यासाठी दोन निकाल महत्त्वाचे. धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी दोष नोंदवलेला नसेल, तर जवान निरोगी होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. राम अवतार खटल्यात 2014 साली टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा, म्हणजे 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरण्याचा, लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. नकार आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण लिहून अर्ज करावा लागतो.

तुमच्या घरी आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर लॉगिन करून आईचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, ते बघा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं, आणि ते दुरुस्त करायला बाबा स्वतः असताना जितकं सोपं, तितकं नंतर नसतं.

बाबांच्या नकाराबद्दल. ‘हात पसरणार नाही’ या शब्दांमागे 24 वर्षांची शिस्त आहे. तिच्याशी वाद घालू नका. भरपाईचा विषयच काढू नका. एवढंच सांगा की ईसीएचएस हा त्यांच्या सेवेचा हक्क आहे आणि कागद त्यांचे स्वतःचेच आहेत. त्यांच्या तुकडीतल्या एखाद्या सोबत्याला फोन लावून द्या आणि ‘तुम्हालाही धाप लागते का?’ हे बाबांनाच विचारू द्या. स्वतःसाठी दवाखान्यात न जाणारा हवालदार आपल्या जवानांसाठी जातो. त्यांच्या निदानामुळे त्या तुकडीतली आणखी चार माणसं तपासून घेतील, आणि हे कारण त्यांना पटण्यासारखं आहे.

सत्काराला शाल-श्रीफळ असू द्या, पण मानपत्र तुम्ही लिहा. मानपत्र कसं असावं, याचा नमुना बॉम्बे सॅपर्सच्याच इतिहासात आहे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना 1941 साली ॲबिसिनियातल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मानपत्रात आकडे आहेत : 55 मैलांचा रस्ता, 15 सुरुंगक्षेत्रं, 96 तास. त्या कामात त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये जखमी असतानाही नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांच्या परमवीर चक्राच्या हकिकतीतही तारखा आणि कामं सांगितलेली आहेत. तुमच्या बाबांच्या मानपत्रातही ‘देशसेवेचे व्रत’, ‘अतुलनीय योगदान’ असले शब्द नकोत. वहीतल्याच ओळी घ्या : अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, अमुक हजार फुटांवर, इतक्या जणांच्या तुकडीने, गोठलेल्या पाण्यामुळे कोरड्या खडकात भोकं पाडून इतक्या किलोमीटरचा रस्ता तयार केला. त्या धुळीचा आणि आवाजाचा परिणाम त्यांची फुप्फुसं आणि कान आजही सोसत आहेत. शेवटचं वाक्य बाबांना आधी वाचून दाखवा आणि ते हो म्हणाले तरच ठेवा. बरोबरच्या जवानांची नावं मात्र नक्की घाला. ती ऐकताना बाबांची मान वर होईल.

तारीख ठरलेली नसेल तर 18 नोव्हेंबर सुचवा. तो कोअर ऑफ इंजिनिअर्सचा स्थापनादिन. कार्यक्रम तळमजल्यावर घ्या, वरच्या मजल्यावरचा हॉल नको. व्यासपीठाला पायऱ्या असतील तर बाबांना आधीच बसवून ठेवा, सगळ्यांसमोर धापा टाकत चढायला लावू नका. ढोल-ताशा आणि फटाके नकोत. फटाक्यांचा धूर फुप्फुसांना आणि आवाज उरलेल्या कानांना घातक. त्यांची खुर्ची लाउडस्पीकरपासून दूर, पण बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी ठेवा. प्रत्येक भाषणाच्या मुद्द्यांचा कागद मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात द्या, म्हणजे स्वतःच्याच सत्कारात ते नुसते अंदाजाने मान हलवत बसणार नाहीत. हार घालायचाच असेल तर ताज्या फुलांचा एकच घाला आणि गुलाल टाळा.

एक्स-रे आणि स्पायरोमेट्री मात्र सत्काराची वाट न पाहता याच पंधरवड्यात करून घ्या. खोकला दोन आठवड्यांपासून असेल, तर उद्याच.